ठरलेलं हरणं

आमच्या खेळात कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं. हे कुणी हसत हसत सांगायला आलं की माझं डोकं फिरतं. ठरलेलं असतं म्हणून काय आपटल्यावर लागत नाही?

लोणावळ्यातल्या एका हॉलमध्ये माधवराव दर शनिवारी पर्यटकांसाठी या कुस्त्यांचा शो लावतात. त्यात मी 'काळरात्र', म्हणजे खलनायिका. माझं काम रुपालीकडून हरणं. रुपाली गोड हसते, लोक तिच्यावर फिदा, आणि बायकांची कुस्ती एकच. मग मी जिंकायचं कुणाशी आणि कधी? हरण्यालाही कसब लागतं, बरं का. शेवटचं आपटणं झालं की अंग सैल सोडायचं, दोन्ही खांदे गादीला टेकवायचे आणि पंच तीन मोजेपर्यंत हलायचं नाही. वर्षानुवर्षं मी तेवढंच केलं. अब्बा एकदाच बघायला आले. कामशेतला परत आल्यावर त्यांनी आमच्या तांदळाच्या दुकानाचं शटर वर केलं. मग म्हणाले, "गुलनाज, ठरवून हारायला लोनावळ्याला कशापायी जायचं?" पुन्हा कधी आले नाहीत. ते मला अजून डाचतं.

या दिवाळीनंतर माधवरावांनी सगळ्यांना बोलावून ताफ्याचे दोन भाग केले. 'घाट' लोणावळ्यात खेळणार, 'धरण' पवनानगरला, धरणाकाठी पर्यटकांना तंबू भाड्यानं देणाऱ्यांच्या मैदानात. दोन्हीकडचे पैलवान वेगळे, विजेत्याचे पट्टे वेगळे. इकडचं कुणी तिकडे जायचं नाही.

"एका ताटात वीस जण बसले तर कुणाचंच पोट भरत नाही," माधवराव म्हणाले. "निम्मे तिकडे गेले की मागे राहिलेल्यांना पुढे यायला जागा होईल. तुमच्या गुडघ्यांनाही जरा विसावा. आणि वर्षातून एकदा घाट आणि धरण समोरासमोर आले की बघा, लोकांच्या उड्या पडतील."

रुपाली घाटात, मी धरणात. मला राहवेना. मी उभीच राहिले. "म्हणजे हॉल त्यांना आणि चिखल आम्हाला. धरणावर आहेच कोण?"

"तू आहेस," ते शांतपणे म्हणाले. "तिकडचा पहिला पट्टा तुझा. नवीन आलेली पोरगी, अपेक्षा, तुला आपटेल, पंच दोन मोजेल, तू खांदा उचलशील, आणि मग तिला हरवशील."

मी मटकन खाली बसले.

त्यानंतर माझं कशातच लक्ष लागेना. दुकानात इंद्रायणीचं माप मी आंबेमोहराच्या पोत्यात ओतलं. जेवायला बसले की उठावंसं वाटे, उठले की कुठं जावं ते कळेना. शेवटी अब्बांना सांगून टाकलं, की या वेळी मी जिंकणार आहे.

"म्हंजी ठरवून जितनार," ते म्हणाले आणि तराजू पुसत राहिले. पण शनिवारी भर दुपारी त्यांनी शटर ओढलं आणि माझ्याआधी पवनानगरच्या जीपपाशी जाऊन उभे राहिले.

मैदानात पर्यटक थोडे आणि आजूबाजूच्या गावांतली माणसंच जास्त. मी खलनायिका असूनही लोक माझ्याच नावानं ओरडत होते, कारण तांदूळवाल्या बद्रुद्दीनभाऊंची पोरगी सगळ्यांना माहीत.  अपेक्षा नवखी, पण तिनं मला उचललं आणि झकास आपटलं. गादीचा तो ओळखीचा आवाज झाला. अंग सैल पडलं.

पंच अरहमनं गादीवर हात मारला. एक. वर छत नव्हतं, आभाळ होतं. दोन.

"ताई, खांदा," अपेक्षा कानाशी कुजबुजली.

मला ऐकू आलं. मी खांद्याला सांगितलंसुद्धा. पण तो आवाज झाला की पडून राहायचं, एवढंच त्याला ठाऊक होतं. खांदे टेकलेले असताना पंचानं मोजायचा हात थांबवला तर खेळ मेला, ही माधवरावांची सक्त ताकीद. अरहमनं माझ्याकडे बघितलं आणि तिसरा हात मारला.

 अपेक्षा पट्टा हातात धरून अशी उभी होती, जणू कुणाचा तरी चोरून आणलाय. मी तंबूत गेले आणि हुंदके देऊन रडले. स्वतःचीच इतकी चीड मला कधी आली नव्हती.

माधवराव तावातावानं आत आले. त्यांच्यामागे अब्बा.

"मी जिंकणार होते, अब्बा," मी म्हणाले.

"म्हाईत हाय." ते माझ्याशेजारी खाली बसले. "पर आज तू खरं हारलीस. त्या पोरीचं बी त्वांड उतरलंय. मला पयल्यांदा वाटलं, उठून आत जावं आन् तुला उठवावं."

बाहेर आता गलका वाढला होता. माणसं जागची हलत नव्हती. माझं नाव ऐकू येत होतं, 'काळरात्र' नव्हे, गुलनाज.

अब्बांनी माधवरावांकडे बघितलं. "तो पट्टा परत आनायला कोन जानार, मास्तर?"

माधवरावांनी बाहेरच्या गर्दीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचा राग कुठल्या कुठे गेला होता.

"इथं हिच्यावाचून दुसरं आहेच कोण?" ते म्हणाले.