एका कार्डावर एकच माणूस

मित्रांनो, मी एक जुने मेट्रो कार्ड आहे. आणि माझा मुक्काम कुठे आहे, सांगू? ग्वाल्हेरला, मुरारमध्ये. होय, जिथे मेट्रो धावतच नाही तिथे! माझी गेटे आहेत दिल्लीला आणि माझे घर इथे. त्यामुळे घरात दिल्लीची बॅग भरायला घेतली की माझ्या अंगातली तार न् तार शहारते. तार म्हणतो ते उगाच नाही. ऐका तर.

वरून मी प्लास्टिकचा साधा तुकडा दिसतो. पण मला घडवताना दोन पातळ पापुद्र्यांच्या मध्ये केसासारखी बारीक तांब्याची तार कडेकडेने गोल गोल फिरवली आणि तिची टोके तांदळाच्या कणीएवढ्या एका चिपला जोडली. मग गरम यंत्राखाली दाबून सगळे एकजीव केले. माझ्या पोटात बॅटरी नाही. एरवी मी झोपलेलाच असतो. पण गेटवरच्या मशीनजवळ मला नेले, की तिच्यातून निघणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरींमुळे माझ्या तारेत वीज खेळू लागते आणि मी खडबडून जागा होतो! गेट विचारते, "कोण तू? शिल्लक आहे का?" मी माझा नंबर सांगतो, शिल्लक सांगतो. मग आपण कुठल्या स्टेशनात आत आलो ते गेट माझ्या चिपवर लिहून ठेवते, हिरवा दिवा लागतो आणि दारे उघडतात. तुमची पापणी लवायच्या आत हे सगळे होते. बाहेर पडताना दुसरे गेट ती नोंद वाचते, अंतराप्रमाणे भाडे कापते आणि 'हा आत आहे' ही खूण पुसून टाकते. खूण पुसेपर्यंत मी आतच. मला पुन्हा आत घेणार नाहीत, कोणी कितीही विनवण्या केल्या तरी!

मला विकत घेतले शालिनीताईंनी. त्या तेव्हा दिल्लीला एका क्रीडा संस्थेत टेबल टेनिस शिकवत. रोज सकाळ-संध्याकाळ माझी आणि गेटची भेट व्हायची. काय दिवस होते ते! पुढे त्या ग्वाल्हेरला परत आल्या आणि अपंग खेळाडूंना शिकवू लागल्या. इथे माझे काय काम? पण ताईंनी मला फेकले नाही. बॅटवर नवे रबर चिकटवताना खालची हवा काढायला त्यांना काहीतरी सपाट, गुळगुळीत लागायचे. ते काम माझ्याकडे आले. गोंदाने माझ्या कडा चिकट झाल्या, माझ्यावरचे चित्र पुसट झाले. वाईट वाटायचे. खेळाच्या सामानाच्या पेटीत पडून मी फक्त चेंडूची टिकटिक ऐकायचो.

त्या टिकटिकीत एक आवाज फार वेगवान होता. तो होता सोनिकाचा.

सोनिका बारावीत होती. लहानपणी संक्रांतीला पतंगामागे धावताना ती गच्चीवरून पडली आणि तेव्हापासून तिचे पाय चालत नाहीत. ती व्हीलचेअरवर बसून खेळायची, आणि असे खेळायची की समोरच्याला वाटावे, हिला दोन नाही, चार हात आहेत. तिचे बाबा सूर्याजी फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. शाळेचे जिने असोत, टेम्पो असो की लग्नाचा हॉल, ते तिला उचलून न्यायचे. तिची खुर्ची ढकलायला दुसऱ्या कोणी हात लावला की त्यांच्या कपाळावर आठी पडायची. सोनिकाला स्वतःची खुर्ची स्वतः चालवायला आवडायचे, पण बाबांना ती तसे म्हणत नसे.

आणि मग एक दिवस बातमी आली. दिल्लीला निवड चाचणी होती, आणि त्यातून राष्ट्रीय शिबिरासाठी खेळाडू घेणार होते! ताई बाकीच्या मुलांना घेऊन आदल्या दिवशीच निघाल्या. सोनिकाचा त्या दिवशी पेपर होता, म्हणून ती आणि सूर्याजी दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने येणार होते. निघण्यापूर्वी ताईंनी पेटी उघडली, मला पुसले आणि सोनिकाच्या हातात ठेवले.

"हे घे. अजून चालतं, मी पैसे भरून ठेवलेत. नवी दिल्लीला उतरलात की थेट मेट्रो पकडा, टॅक्सीत अडकाल. आणि सूर्याजीराव, एका कार्डावर एकच माणूस बरं का. तुमचं तिकीट वेगळं काढा. अकराच्या आत नाव नोंदवायचंय, नंतर कोणाला घेत नाहीत."

"हो हो," सूर्याजी म्हणाले. ते खुर्चीच्या चाकात हवा भरत होते. त्यांनी अर्धेच ऐकले असावे.

मित्रांनो, इतक्या वर्षांनी मी दिल्लीला निघालो होतो! पण ती गाडी वाटेत रेंगाळली, नवी दिल्ली यायला खूप उशीर झाला. सूर्याजींनी धावपळ करत लिफ्ट शोधली, तपासणीची रांग पार केली आणि आम्ही गेटापाशी पोचलो. व्हीलचेअरसाठी एक रुंद गेट असते, तिकडे सोनिका वळली. तिने मला मशीनवर टेकवले.

टिंग! माझ्या तारेत वीज धावली. जागा झालो, बोललो, ओळख पटली! दारे उघडली, सोनिका झपकन आत गेली आणि तिच्यामागे दारे मिटली.

"आण इकडे," सूर्याजींनी हात पुढे केला. सोनिकाने गेटावरून मला त्यांच्याकडे दिले. त्यांनी मला मशीनवर टेकवले. लाल दिवा. पुन्हा टेकवले. पुन्हा लाल. त्यांनी मला शर्टावर पुसले आणि जोरात दाबले. मी काय करणार? माझ्यावर लिहिलेच होते, 'हा आत आहे.'

तिथे उभी असलेली मेट्रोची कर्मचारी जवळ आली. "अंकल, ये कार्ड तो अंदर जा चुका है. आपको अपना टिकट लेना पड़ेगा."

सूर्याजींनी मागे पाहिले. तिकिटाची रांग खांबाला वळसा घालून पार जिन्यापर्यंत गेली होती.

"बेटा, तू थांब इथेच. मी आलोच."

"बाबा, टाइम नाहीये. मी पुढे जाते ना."

"एकटी?"

"हो."

"नको नको. गाडी बदलायची आहे मध्ये. चुकलीस तर? गर्दीत कोणी धक्का दिला तर?"

"पाट्या लिहिल्यात ना जागोजागी. मला पढ़ना तो आता है, बाबा!" सोनिका हसली आणि तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवले. "तुमच्यासाठी थांबले तर चाचणी गेली. वर्षभर मग पुढच्या वर्षाची वाट बघायची?"

आता पाहा काय झाले होते. सोनिका आत होती आणि मी बाहेर, सूर्याजींच्या मुठीत. माझ्याशिवाय ती गाडीत बसू शकली असती, पण दुसऱ्या टोकाला बाहेर पडू शकली नसती. मला न देता ते तिला थांबवू शकत होते. त्यांचा अंगठा माझ्यावर घट्ट रुतला होता.

सूर्याजींनी गेटावरून हात लांब केला आणि मला सोनिकाच्या तळहातावर ठेवले.

"जा," ते म्हणाले. "लवकर जा."

आणि आम्ही सुटलो! हो, सुटलोच! लिफ्ट, मग फलाट, मग वाऱ्याचा झोत आणि झगझगीत दिवे घेऊन येणारी गाडी. सोनिकाने पुढची छोटी चाके जराशी उचलली आणि फट ओलांडून आत! कोणी तिला उचलले नाही, कोणी ढकलले नाही. ती दाराच्या वरची स्टेशनांची पट्टी वाचत होती आणि ओठांतल्या ओठांत नावे म्हणत होती. सेंट्रल सेक्रेटरिएटला गाडी बदलायची होती. तिथे ती एकदा चुकीच्या लिफ्टपाशी गेली, पाटी वाचली, स्वतःशीच "अरे यार" म्हणाली आणि गर्रकन वळली. फौजेतल्या माणसाची लेक ती! तिच्या तळहाताला घाम आला होता, पण मला ती सोडत नव्हती. दुसरी गाडी आली तेव्हा दोन्ही हात चाकांवर हवेत म्हणून तिने मला मोबाईलच्या कव्हरात सरकवले.

तिथेच घोटाळा झाला.

उतरण्याचे स्टेशन आले. सोनिका रुंद गेटापाशी गेली आणि तिने मोबाईलसकट मला टेकवले. लाल दिवा! कव्हरात माझ्या पाठीला पाठ लावून बँकेचे कार्ड बसले होते. तेही माझ्यासारखेच तारेचे. मशीनने हाक मारली आणि आम्ही दोघे एकाच वेळी बोललो. गेटाला कोणाचेच धड ऐकू गेले नाही. मागे रांग लागली.

"अरे बहनजी, आगे बढ़ो!"

एक माणूस पुढे आला, भला वाटत होता. "रुको, मेरे कार्ड से निकाल देता हूँ, मैं धक्का देता हूँ पीछे से." त्याने खुर्चीच्या मुठी धरल्याही.

"नहीं भैया, एक मिनट," सोनिका म्हणाली. तिने चाकांवरचे हात घट्ट केले आणि गेटाच्या छोट्या पडद्यावर काय लिहिले आहे ते शांतपणे वाचले. एकच कार्ड दाखवा, असे तिथे लिहिले होते. तिने मला कव्हरातून बाहेर काढले, मोबाईल मांडीवर ठेवला आणि मला एकट्याला मशीनवर टेकवले.

या वेळी मी असा बोललो, असा बोललो की काय सांगू! आत आल्याचे स्टेशन सांगितले, भाडे दिले, खूण पुसून घेतली. टिंग! दारे उघडली. मागच्या माणसाने हसून हात वर केला. "वाह!" तो म्हणाला, आणि सोनिका उन्हात बाहेर पडली.

ती हॉलच्या दारात पोचली तेव्हा शालिनीताई नोंदणीच्या टेबलापाशी उभ्या होत्या आणि तिथली माणसे कागद आवरत होती. "आली! आली माझी मुलगी!" ताई ओरडल्या. मग त्यांनी तिच्या मागे पाहिले. "आणि बाबा?"

"येतायत," सोनिका धापा टाकत म्हणाली. "माझं नाव लिहा आधी!"

सामने सुरू झाले. मी तिच्या खुर्चीला लटकवलेल्या पिशवीत होतो, तिच्या प्रत्येक फटक्याबरोबर हिंदकळत होतो. पहिला सामना तिने सहज घेतला. दुसऱ्यात समोरची मुलगी अनुभवी होती, तिने सोनिकाला कोपऱ्याकोपऱ्यात पळवले. बरोबरी झाली, शेवटचा गेम आला. तेव्हाच दारातून सूर्याजी आत आले. शर्ट घामाने चिंब, केस विस्कटलेले. ते भिंतीला टेकून उभे राहिले. सोनिकाला ते दिसलेही नाहीत. तिने सर्व्हिस केली. चेंडू जाळीच्या अगदी जवळून पलीकडे गेला, परत आला आणि तिने हात पूर्ण लांबवून असा काही फटका मारला की खुर्ची एका चाकावर तरंगली! ताईंची शिट्टी सगळ्या हॉलमध्ये घुमली. सोनिका जिंकली होती आणि दुपारी शिबिरासाठी तिचे नाव पुकारले गेले.

सूर्याजी तिच्याजवळ आले. मला वाटले, आता उचलून घेतील. पण ते तिच्यासमोर उकिडवे बसले.

"मी उलट्या दिशेच्या गाडीत बसलो गं," ते म्हणाले. "पार भलतीकडे पोचलो. तुला रस्ता कसा सापडला?"

सोनिका इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आले. परतताना तिनेच त्यांचे तिकीट काढले आणि तिनेच दिशा दाखवली. सूर्याजी तिच्या बाजूने चालले, दोन्ही हात पाठीशी बांधून.

त्यानंतर माझी खरी चंगळ झाली. शिबिरे, सराव, स्पर्धा! दिल्लीची किती गेटे पाहिली असतील मी. एकदा मात्र मी मरता मरता वाचलो. मी हरवू नये म्हणून सूर्याजींनी प्रेमाने मला दोरीत ओवायचे ठरवले आणि माझ्या कोपऱ्यात भोक पाडायला सुई तापवली. "बाबा, रुको! तार तुटेल आतली!" सोनिका ओरडली आणि माझ्या तारेचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी जुन्या वर्दीच्या कापडाचा एक छोटा बटवा शिवून दिला. आता मी त्यातच राहतो.

म्हणून सांगतो मित्रांनो, तुमच्या घरी माझे भाऊबंद असतील तर त्यांना वाकवू नका, भोके पाडू नका, खिशात घेऊन त्यांच्यावर बसू नका. तार एकदा तुटली की आम्ही कायमचे मुके होतो. आणि एक कळकळीची विनंती. स्टेशनात रुंद गेट दिसले तर घाईत तिकडे घुसू नका. ज्याला त्याची गरज आहे त्याच्यासाठी ते मोकळे ठेवा. त्याने मागितली तर मदत जरूर करा, पण न विचारता त्याच्या खुर्चीला हात लावू नका.

हल्ली पुष्कळ लोक मोबाईलवरच तिकीट काढतात. सोनिकाही काढू शकते. पण ती मलाच नेते. आज पहाटेच आम्ही निघालो, मोठ्या स्पर्धेसाठी! सूर्याजी आता ग्वाल्हेर स्टेशनपर्यंतच येतात. गाडी हलली तसा त्यांनी फलाटावरून कडक सलाम ठोकला. सोनिकानेही ठोकला. मग तिने बटव्यावर हात ठेवून पाहिले, मी आहे ना?

मी आहे! आणि गाडीने वेग घेतला आहे.