शफीक मास्तरांचा दम

पडेगावात वरात निघून ट्रम्पेट घुमलं की लोक न बघताच ओळखायचे, शफीक मास्तर आले. छातीचा लौकिकच तसा. म्हणून पहाटे खोकल्यानं उठून बसणं, छातीतली घरघर, हे त्यांनी बायकोशिवाय कुणाला कळू दिलं नव्हतं. मेडिकलवरून खोकल्याची बाटली आणायची नि वेळ मारून न्यायची. शेवटी बायकोनं, मुनिरानंच त्यांना डॉ. चारुता पाटोदेकरांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी आधी प्रश्नच लई विचारले. त्रास कधी होतो, धुरानं वाढतो का, घरात कुणाला दमा होता का.

"अम्मीला होता," मास्तर पुटपुटले.

छाती तपासून डॉक्टरांनी त्यांच्या हातात फुंकेचा जोर मोजणारी, काटा असलेली एक नळी दिली. "जोरात फुंका."

फुंकणं! मास्तरांनी अशी फुंक मारली की काटा सर्रकन वर गेला. डॉक्टरांनी तक्ता पाहिला. "तुमच्या वयाच्या माणसाला हे ठीक आहे."

"मग? मला काय बी झालं नाय."

"साधारण माणसाला ठीक आहे, शफीकभाई. तुम्ही साधारण आहात का?"

डॉक्टरांनी प्लास्टिकच्या डब्याला औषधाचा छोटा पंप जोडून तोंडानं औषध आत ओढायला लावलं, थोडा वेळ बसवलं, पुन्हा फुंकायला सांगितलं. काटा पहिल्यापेक्षा बराच पुढं गेला.

"श्वासाच्या नळ्या आवळल्या होत्या, औषधानं मोकळ्या झाल्या. हा दमा आहे."

"पंप लागला म्हणजे मास्तर संपला, म्हणतील लोक."

"पंपानं कुणी संपत नाही. दमा अंगावर काढला तर मात्र वाजवणं अवघड होईल." त्यांनी दोन पंप पुढं ठेवले. "हा रोज दोन्ही वेळा, आतली सूज उतरवायला. घेतला की चूळ भरायची. बरं वाटलं तरी सोडायचा नाही. हा निळा, दम लागला तरच."

मास्तरांनी सवयीनं पंपातच फुंकर मारली. मुनिराला हसू आवरेना. दोन-तीनदा चुकल्यावर जमलं.

महिनाभरात खोकला पळाला, रात्रीची झोप लागू लागली. अन् मास्तरांनी रोजचा पंप कपाटात टाकला. बरं वाटतंय, मग कशाला?

मिटमिटा गावातल्या एका वरातीत फटाक्यांच्या धुरानं त्यांचा सूर मध्येच तुटला. साथीदारांनी रिक्षात घालून दवाखान्यात आणलं, तेव्हा एक वाक्य पुरं बोलवत नव्हतं. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, डब्यातून पंपाचे दाब एकामागून एक दिले, गोळ्या दिल्या, अँब्युलन्सही बोलावून ठेवली. हळूहळू घरघर उतरली.

"रोजचा घेत होतात?"

"बरं वाटत होतं, मॅडम."

"ते त्या पंपामुळंच वाटत होतं."

त्या रागावल्या नाहीत. त्रास वाढला तर निळा कसा घ्यायचा, दवाखाना केव्हा गाठायचा, हे मुनिरासमोर मास्तरांकडून दोनदा वदवून घेतलं, आणि दोनच दिवसांत परत तपासायला बोलावलं.

पुढच्या लग्नसराईत मास्तरांनी एका नवरदेवाच्या बापाला बाजूला घेतलं. "फटाके लांब, त्या चौकात वाजवा. मला दमा हाय."

"दमा? अन् ट्रम्पेट वाजवता?"

"व्हय. औषध रोज घेतो, म्हणून वाजवतो."

फटाकेवाले चौकाकडं गेले. मास्तरांनी ट्रम्पेट ओठाला लावलं आणि वरात हलली.