केळ्यावरचं आमेन

"काकी, वर बसून अंडी उबवताय का? या की खाली!" तळमजल्यावरच्या लुलूनं जिन्यातून हाक मारली.

इस्राएलच्या रामत गान शहरातल्या त्या इमारतीला लिफ्ट नव्हती आणि नाझिमाचं घर होतं चौथ्या मजल्यावर. लुलूकडे आज बायकांची आमेनची सकाळ होती. एकीनं खजूर हातात घेऊन देवाचे आभार मानायचे, बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. मग दुसरीनं द्राक्षरस, तिसरीनं बिस्कीट, आणि मधेमधे जगभरच्या चहाड्या. पूर्वी तिथे नाझिमावाचून पान हलत नसे. नवऱ्याला, सासूनला, अर्धांगाचा झटका आल्यापासून मात्र ती एकदाही गेली नव्हती.

"सासूनला बघायला बाई यायच्यात गं," ती कठड्यावरून म्हणाली.

सासून बस चालवायचा तेव्हा अख्ख्या गावाला शिव्या घालायचा. आता त्याच्या तोंडात एकच शब्द उरला होता. भूक लागली, आमेन. पाय दुखला, आमेन. लेकीनं त्याच्यासाठी एक सेवागृह शोधलं होतं, पण ज्यांना काहीच कळत नाही अशांनाच तिथे घेत. नाझिमाला ती जागा हवी होती. स्वतःची लाज वाटावी इतकी हवी होती.

तपासणीची बाई, रोनित, धापा टाकत आली आणि त्याच्यासमोर बसली.

"आजोबा, नाव काय तुमचं?"

"आमेन."

"बाहेर बर्फ पडतोय का?"

बाहेर ऑगस्टचं ऊन रणरणत होतं. "आमेन," सासून म्हणाला. चौकशा करणाऱ्यांना तो पूर्वीही भीक घालत नसे.

तेवढ्यात रोनितचा फोन वाजला आणि ती गॅलरीत गेली. त्याची खायची वेळ झाली होती. त्याला प्रार्थना म्हणता येत नाही म्हणून नाझिमा म्हणायची, एक घास स्वतः खायची आणि मग त्याला भरवायची. बशीत खजूरही होते आणि मन भलतीकडेच होतं. केळं सोलून ती म्हणून गेली, "धन्य तू, परमेश्वरा, झाडाचं फळ घडवणारा."

सासूनचं आमेन आलं नाही. त्यानं केळ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. एक भुवई वर गेली; चुकीचे सुटे पैसे देणाऱ्या उतारूकडे तो असाच बघायचा.

नाझिमाला चूक कळली. केळीला खरं खोड नसतं, म्हणून केळं झाडाचं नव्हे, भूमीचं फळ, आणि त्याची प्रार्थनाही वेगळी. हे त्यांच्यात, ज्यू लोकांत, शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि चुकलेल्या प्रार्थनेला आमेन म्हणत नाहीत.

"भूमीचं फळ घडवणारा," तिनं हळूच पुन्हा म्हटलं.

"आमेन," तो लगेच म्हणाला.

रोनित आत आली. "आजी, बहुतेक जागा मिळेल. त्यांना काही समजत नाही, हो ना?"

"तुम्ही बघितलंतच," नाझिमा म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

रोनित जिना उतरू लागली. खालून बायकांचं एकत्र आमेन वर आलं. नाझिमानं स्वतःसाठी चहा ओतला. आभार मानल्याशिवाय घोट घ्यायची जन्मात सवय नव्हती, पण त्याचं आमेन तिला आत्ता सोसवलं नसतं. तिनं आवाज न करता नुसते ओठ हलवले.

सासून तिच्या ओठांकडे बघत होता. ते थांबेपर्यंत थांबला.

"आमेन."

तिनं कसाबसा एक घोट घेतला, कप ठेवला आणि जिन्याकडे धावली. "बाई, जरा वर या!"

"काही राहिलं का, आजी?" रोनित खालच्या वळणावर थांबली.

"हो. त्यांना कळतं. सगळं कळतं. या, दाखवते."

आवाज ऐकून लुलूनं दारातून मान वर केली. "काकी, निघालात का एकदाच्या?"

"नाही गं," नाझिमा म्हणाली आणि दार उघडं ठेवून दुसरं केळं सोलायला आत गेली.