टेकडी सपाट केली तेव्हा

बायको गेली आणि पुढे सुईत दोरा ओवणंही जमेना, तेव्हा टेलरकाकांनी दुकान बंद केलं. लेक दूरच्या शहरात नर्स. जाताना तिने त्यांच्या कॉम्प्युटरवर शेतीचा गेम टाकून दिला.

"शेत दोघांचं एकच, बाबा. मी तिकडून येईन, तुम्ही इकडून. गप्पा मारत नांगरू."

सुरुवातीला तसंच झालं. काका ट्रॅक्टर नेमका तळ्यात घालायचे. हेडफोनमधून लेकीचं हसू थांबायचं नाही. "अहो ब्रेक, ब्रेक! शिलाई मशीन आहे का ते?" मग तिला रात्रपाळी लागली आणि ती शेतात दिसेनाशी झाली. फोनवरही 'दमलेय हो' एवढंच.

काका एकटेच पेरायचे, एकटेच कापायचे. चहाचं आधण अजून दोघांचंच ठेवलं जायचं. उरलेला चहा ते दुपारी गारच पिऊन टाकत.

शेताच्या मधोमध एक टेकडी होती. तिच्यापायी पेरणीच्या ओळी तिरक्या यायच्या. जन्मभर सुरकुती दिसली की इस्त्री फिरवलेल्या माणसाला ते बघवेना. लेक येईल तेव्हा शेत कसं नीटनेटकं दिसेल, असं म्हणून त्यांनी टेकडी उतरवायला घेतली. बटण दाबून धरलं की माती खाली बसायची. हात जरा हलला की खड्डा, तो बुजवावा तर शेजारी उंचवटा. कितीतरी दुपारी त्यात गेल्या. शेवटी जमीन ताग्यातल्या कापडासारखी पसरली.

"झकास!" काका मोठ्यांदा म्हणाले. घरात ऐकायला कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच लेकीचा फोन. "बाबा, टेकडी कुठे गेली?"

"अगं, तू आली होतीस?"

"रोज येते. पहाटे ड्यूटी संपली की, तुम्ही उठायच्या आत."

"आणि करतेस काय?"

"काही नाही. ट्रॅक्टर टेकडीवर चढवायचा, इंजिन बंद करायचं आणि बसायचं. वरून सगळं शेत दिसायचं. तुम्ही काल काय पेरलंत ते कळायचं."

"मग हाक मारायचीस की. मी उठलो असतो."

"आवाजावरून तुम्ही ओळखलं असतंत."

"काय?"

"मला इथे करमत नाही ते."

मलाही नाही गं, हे काकांच्या अगदी ओठांवर आलं. पण तिच्या जिवाला आणखी घोर नको, म्हणून त्यांनी ते गिळलं. "परत चढवतो टेकडी," एवढंच म्हणाले.

"राहू द्या. छान सपाट केलीत."

तरी त्यांनी माती चढवली. आधी नुसता सुळका झाला. ट्रॅक्टर मागे घसरायचा. पहिला आकार काही केल्या येईना. अखेर एका बाजूला कललेला, बेढब ढिगारा उभा राहिला.

त्यानंतर एका पहाटे काका लवकर उठले आणि शेतात गेले. ढिगाऱ्यावर तिचा ट्रॅक्टर उभा होता, इंजिन बंद. आपण आल्याचं तिला पडद्यावर दिसलं असणारच. ती बोलली नाही. काकांनीही हाक मारली नाही. बांधाशी उभे राहिले. बऱ्याच वेळाने ती निघून गेली.

आता रोज असंच चालतं. फोनवर मात्र दोघंही त्याचा विषय काढत नाहीत.