दोन झेंड्यांचं नाणं

माझा थोरला नाथा खाडीत बुडाला त्याला वर्षही झालं नव्हतं, आणि धाकटा चंदू नाथाच्या होडीसाठी पंचांसमोर छाती काढून म्हणाला, "होडी माझी. नाळेची फळी काढून बघा, नाणं माझं हाय."

डोंबिवलीजवळ, दिव्याच्या खाडीकाठी आमच्या गावात नवी होडी बांधली की नाळेत, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकात, आतल्या फळीखाली, घरातलं जुनं नाणं ठोकतात. ज्याचं नाणं त्याची होडी. कागद कुणी केला नाही, कधी लागलाही नाही. आमच्या घरची नाणी माझ्या सासऱ्याला बांध घालताना चिखलात सापडलेली. नखाएवढी, तांब्याची. एका अंगाला राजाचं डोकं, दुसऱ्या अंगाला भाले धरलेले दोन शिपाई आणि त्यांच्यामध्ये झेंडे. दोन लेकांना मी दोन दिली. नाथाच्या नाण्यावर दोन झेंडे, चंदूच्या नाण्यावर एक. चंदूची होडी कुजून मोडली तेव्हा त्याचं नाणं त्याच्याकडेच राहिलं होतं.

पंचांनी फळी काढली. खाली एका झेंड्याचं नाणं निघालं.

"यानं बदललंय!" मी ओरडले. "नाथाच्या नाण्यावर दोन झेंडे होते."

"आय, तुझे डोळे गेले," चंदू हसला. "ही होडी मीच बांधली, दादाला नुसती वापरायला दिलेली."

परशुराम पाटील पंचांत मोठे. ते म्हणाले, "जनाबाई, सगळ्यांवर शिपाईच हायत. ओळखायचं कसं?"

माझी सून, नाथाची बायको मालन कोपऱ्यात उभी होती. धाकू खलाशी तिची होडी न्यायचा, अर्धी मासळी तिला द्यायचा, त्यावर तिची दोन पोरं जगत होती. होडी गेली तर तिला डोंबिवलीच्या बांधकामावर घमेली उचलावी लागणार होती. ती हळूच म्हणाली, "आत्या, शिमग्याआधी ते नाणी जमवणारे श्रीपाद सर आलेले. भावजी त्यांना होडीकडे घेऊन गेलेले."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी डोंबिवलीला त्यांच्या घरी गेलो. सरांनी कापसावर मांडलेली नाणी कौतुकानं दाखवली. "राजा एक, शिपाई तेच, पण टांकसाळी निरनिराळ्या शहरांत. शिपायांच्या पायाखाली शहराची खूण असते. आधी दोन झेंडे काढायचे. पुढे नाणं लहान केलं, मग एकच झेंडा ठेवला. आणि हे बघा, हे समुद्रापलीकडच्या अँटिऑक शहरातलं."

मी बघितलं. दोन झेंडे. कडेला होडीचं डांबर.

"हे कुणी दिलं?"

"चंदूनं. मी पैसे देत होतो, त्यानं घेतले नाहीत. म्हणाला, घेऊन जा, फक्त गावात कुणाला दाखवू नका."

पैसे घेतले असते तर मी त्याला चोर म्हणून दोन शिव्या घातल्या असत्या. फुकट दिलं, ते ऐकून माझं डोकं भणाणलं. भावाची खूण त्याला फक्त नाहीशी करायची होती.

"सर, तुम्ही शिकलेले ना? होडीच्या पोटातून काढलेलं नाणं घेताना होडी कुणाची एवढं विचारता आलं नाही?"

"आजी, माझ्याकडे या टांकसाळीचं हे एकच आहे."

"माझ्याकडे त्या लेकाचं हे एकच हाय."

त्यांनी नाणं दिलं. "गावात येऊन सांगा," म्हटलं, तर हात जोडले. "मला त्यात ओढू नका."

पंच पुन्हा बसले. नाणं बघून चंदू बिचकला नाही. "हे माझंच दुसरं. सरांना मीच दिलेलं."

पाटील म्हणाले, "मग आयच्या डोक्यावर हात ठेवून बोल."

आमच्यात अशी खोटी शपथ घेतली की ती आय गावाला मेली असं धरतात. मी डोक्यावरचा पदर काढला आणि त्याच्यापुढे बसले. "ठेव."

वाटलं, नाही ठेवणार. याला मी पाठीशी बांधून बाजारात नेलेलं. पण त्यानं हात ठेवला, चांगला दाबून ठेवला. "होडीतलं नाणं पहिल्यापासून माझंच."

पंचांनी खाली बघत होडी त्याला दिली.

सकाळी मी हातोडी घेऊन मालनबरोबर होडीत चढले. फळी उचकटली, त्याचं नाणं उपटून चिखलात फेकलं आणि नाथाचं ठोकायला घेतलं. बायका होडीच्या नाळेला हात लावत नाहीत. गाव जमलं. चंदू धावत आला.

"आय! पंचांनी काय सांगितलं? गावाबाहेर काढतील तुला!"

"कुणाला काढतील?" मी खिळा ठोकत म्हणाले. "काल तू माझ्या डोक्यावर हात ठेवून मला मारलंस ना? मेलेल्या बाईला पंच लागत नाहीत. नाहीतर सांग सगळ्यांसमोर, मी जिवंत कशी?"

त्यानं पाटलांकडे बघितलं. पाटलांनी तोंड फिरवलं. जिवंत म्हणावं तर शपथ खरी होती हे दाखवायला हवं, आणि मेली म्हणावं तर खोटं बोलल्याचं कबूल केल्यासारखं. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "बोल की रे चंदू, आय हाय का नाय?"

धाकू गुडघाभर पाण्यात उतरला आणि त्यानं होडीला खांदा लावला.

"काकी, भरती लागली. ढकलू?"

"ढकल," मी म्हणाले.