चहा होईपर्यंत

"माणिकभाऊ, तिकडून नका येऊ, काटे हायेत तिकडे! पपईच्या बाजूनं या."

देवकाबाईंनी आवाज दिला तोवर माणिकरावांच्या सदऱ्याची बाही बोगनवेलीत अडकलीसुद्धा. ती सोडवायला त्यांनी मान वर केली आणि ते तसेच उभे राहिले. डोक्यावर पांढरी फुलं होती, पाकळ्यांच्या कडेला फिकी गुलाबी झाक, आणि इतकी दाट की हिरवं पान शोधावं लागावं. ही वेल त्यांच्या ओळखीची होती. ही आनंदाबाईंची, त्यांच्या बायकोची, वेल होती.

म्हणजे उभी होती देवकाबाईंच्या अंगणात, पुलगावच्या स्टेशनापलीकडे. पण आली होती माणिकरावांच्या घरून, चोरीला जाऊन. आनंदाबाईंनीच ती चोरू दिली होती आणि चोराची पंचाईत होऊ नये म्हणून तेवढा वेळ स्वयंपाकघरात दडून बसल्या होत्या.

हे जरा समजावून सांगायला हवं. झाडांचं वेड असलेल्या काही घरांचं पुलगावात एक मंडळ आहे. त्याला ना अध्यक्ष ना पावतीपुस्तक, फोनवर एक ग्रुप आणि त्यावर रोज सकाळी फुलांचे फोटो, एवढाच कारभार. होळीच्या सुमाराला फुलं भरात आली की दर रविवारी सगळ्यांनी एकेकाच्या घरी बाग बघायला जायचं. नियम एकच. आवडलेल्या झाडाची फांदी मागायची नाही. मागून नेलेली फांदी जगत नाही, चोरलेली जगते, असा यांचा पक्का समज. म्हणून बाग दाखवून झाली की घरधनी "चहा ठेवतो" म्हणत आत जातो आणि चांगला वेळ लावतो. तेवढ्यात पाहुण्यांनी पिशव्यांतल्या कात्र्या काढून आपलं काम उरकायचं. चहा येतो तेव्हा सगळे आभाळाकडे बघत बसलेले असतात. ज्याचा चहा लवकर होतो तो कंजूस. प्राथमिक शाळेतल्या जयाबाईंनी एका वर्षी सोय म्हणून चहा आधीच थर्मासात भरून ठेवला होता, ते त्यांना अजून ऐकावं लागतं.

"काय पाहून राह्यले, माणिकभाऊ?" भैय्याजी मागून आले. "तुमच्या घरची तं याच्याहून जोरात असन. माय होय ना ते हिची!"

भैय्याजी म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेला, मंडळातला सगळ्यात हौशी माणूस. एकदा उत्तराखंडच्या सहलीवरून ते बुरांसाचं रोप घेऊन आले होते, रेल्वेत सारा वेळ मांडीवर धरून. थंड डोंगरातलं लालबुंद फुलाचं ते झाड त्यांनी आपल्या घरी कूलरपुढे ठेवलं. घरची माणसं घामाघूम आणि झाड गार हवेत. तरी वैशाखात ते गेलंच. त्याची कुंडी भैय्याजींनी अजून रिकामी ठेवली आहे, दुसरं काही लावत नाहीत.

"हो, मस्त हाये," माणिकराव म्हणाले.

हे खोटं होतं. त्यांच्या घरच्या वेलीला एक फूल नव्हतं.

वेल मात्र अशी माजली होती की बघणाऱ्यानं थक्क व्हावं. लोखंडी मांडवावरून चढून ती पार छतावर गेली होती. तळहाताएवढी हिरवीगार पानं, मनगटाएवढ्या फांद्या, आणि फूल म्हणाल तर शपथेला नाही. माणिकराव रोज सकाळी पांढरं काही दिसतं का म्हणून चष्मा लावून बघत आणि पाईप हातात घेत. पाऊस सरल्यापासून त्यांनी एक दिवस पाणी चुकवलं नव्हतं. मग हिला झालं तरी काय, हे त्यांना कळत नव्हतं. विचारणार कोणाला? विचारलं की सगळ्यांना समजणार.

नोकरीच्या काळात ते नगरपरिषदेच्या पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन होते. पहाटे लांब दांड्याची चावी सायकलला बांधून निघायचं, एका गल्लीचं पाणी सोडायचं, दुसरीचं बंद करायचं. सारं आयुष्य एकच प्रश्न ऐकण्यात गेलं, "माणिकराव, आमच्याकडे पानी काऊन नाई आलं?" नळाला पाणी आलं की तोच माणूस चहा प्यायला बोलवायचा. पाणी मिळालं की सगळं ठीक होतं, एवढं एक शहाणपण त्यांनी त्या नोकरीतून घरी आणलं होतं. बाग होती आनंदाबाईंची. माणिकरावांना त्यातली दोनचार नावं यायची, तीही चुकीची.

आनंदाबाई मागच्या मे महिन्यात गेल्या, सेवाग्रामच्या दवाखान्यात. शुद्ध होती तोवर घरच्या झाडांचा घोर. "झाडायले पानी देत जा," एवढंच त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. तेव्हा ऊन असं होतं की कुंड्यांतली माती तडकत होती. माणिकरावांनी ते सांगणं असं धरून ठेवलं की पावसाळा गेला, थंडी गेली, तरी सोडलं नाही.

आता पाडव्याच्या आधीचा रविवार त्यांच्या घरचा होता. दरवर्षी तोच असायचा. आनंदाबाईंची वेल सगळ्यांत शेवटी बघायची, असा रिवाज पडला होता. माणिकरावांनी फोन घेऊन ग्रुपवर 'तब्येत बरी नाही' असं लिहिलं आणि पुसलं. फुलं दिसली नाहीत म्हणून तोंडावर कोणी काही बोलणार नव्हतं. पण पुढच्या वर्षी हा रविवार दुसऱ्या कोणाच्या घरी गेला असता. मग आनंदाबाईंचं नाव घेत त्या फाटकातून आत येणार कोण? या विचारानं त्यांना जेवण जाईना.

रविवारच्या आधी एका दुपारी देवकाबाई दही द्यायचं निमित्त करून आल्या. म्हातारी हुशार. 'मस्त हाये' म्हणताना माणिकराव पपईकडे बघत होते, हे तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं. फाटकातच ती थबकली.

"अगाई! हे काय करून ठेवलं तुमी?"

देवकाबाई वाकल्या, बुंध्याजवळच्या मातीत बोट खुपसलं. बोट चिखलानं भरून आलं.

"रोज देता पानी?"

"दोन्ही टाइम."

"तेच तं! भाऊ, बोगनवेलीले तहान लागू द्या लागते. पानी भेटलं की ते नुसती पानं काढत बसते. पानी तोडलं की तिले वाटते, आता आपलं काई खरं नाई, अन् मंग फुलते. आनंदा दिवाळीनंतर तिच्याकडे पाहे बी नाई. आजपासून बंद करा. येत्या रविवारी नाई फुलाची, पन पाडवा झाल्यावर पाहा."

"मले नाई जमत, बाई."

"काऊन नाई जमत? नळ तं बंद करा लागते."

माणिकराव पायरीवर बसले. पाईप हातातच होता, त्याच्या तोंडातून थेंब गळत होते.

"तिले किडनीचं होतं, तुमाले मालूम हाये. डाक्टरनं पानी मोजून सांगतलं होतं. ते मांगे. ओठ फुटून जाये तिचे. म्हने, एक घोट द्या ना. मी स्टुलावर तिच्याजवळ बसून राहो अन् म्हनो, आज नाई, उद्या. रोज तेच, आज नाई, उद्या." त्यांनी पाईपचं तोंड अंगठ्यानं दाबून धरलं. "जिंदगीभर गावाले पानी सोडलं मी. अन् तिले एक घोट नाई देल्ला. आता याइले बी तहानेनं मारू का?"

'तुम्ही डॉक्टरचंच ऐकलं, तुमचा काय दोष' हे देवकाबाईंच्या ओठांवर आलं होतं. पण ते माणिकरावांना वर्षभरात सगळ्यांनी सांगितलं होतं आणि त्याचा काही उपयोग झालेला नव्हता. त्या शेजारी बसल्या.

"मंग देत जा पानी," त्या म्हणाल्या. "फुलं नाई आली तं नाई आली. आमी येतो रविवारी. सांगून ठेवतो, थर्मासातला चहा नाई पेनार."

जाताना त्यांनी वेलीकडे पाहिलं नाही. मांडवाच्या सावलीत, भिंतीला लागून एक रिकामा वाफा होता. पाईपचं वाहून आलेलं पाणी तिथं मुरून माती काळी, भुसभुशीत झाली होती. तिथं वाकून त्यांनी पुन्हा एकदा बोट दाबून पाहिलं आणि मग गेल्या.

रविवारी मंडळी आली. माणिकरावांनी अंगण झाडून, सडा टाकून, खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. इस्त्रीचा सदरा घालून ते फाटकाशी उभे राहिले. वेलीचा विषय कोणी काढलाच नाही. जयाबाईंनी जास्वंदीचं कौतुक केलं, ती होती पण यथातथाच. भैय्याजी मात्र मांडवाखाली गेले, खुर्ची ओढून बसले आणि पाय लांब केले.

"राजेहो, आमच्या घरी फुलं हायेत, पन बसाले जागा नाई. इथं तं झोप येऊन राह्यली!"

सगळे हसले. माणिकरावही हसले, पण त्यांचं लक्ष हसण्यात नव्हतं. आता पुढे काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं.

"चहा ठेवतो," ते म्हणाले आणि आत गेले.

किती वर्षं या स्वयंपाकघरात त्यांनी आनंदाबाईंचा हा खेळ बघितला होता. चहा केव्हाच झालेला असायचा. त्या पातेल्यावर झाकण ठेवून, गॅसजवळ उभ्या राहून तोंडाला पदर लावून हसत. माणिकराव बाहेर निघाले की हात धरत. "थांबा ना जरा! हात चालू असतीन त्याइचे." माणिकरावांना ते पोरकट वाटायचं. चहा गार होतो म्हणून ते कुरकुरायचे.

आज त्यांनी चहा उकळू दिला, गाळला, झाकला आणि तसेच उभे राहिले. बाहेर कुजबूज होती, मग कोणीतरी "शू" केलं. फूल नसलेल्या वेलीची फांदी कोण चोरणार, असं एकदा मनात आलं. तरी त्यांनी आणखी थोडा वेळ दिला. एकाला जरी तिची फांदी न्यावीशी वाटली तरी पुरे होतं. चहावर साय धरली तेव्हा ते कप भरून ट्रे घेऊन बाहेर आले.

सगळे आभाळाकडे बघत होते. भैय्याजी तर मांडवाच्या पानांतून, जिथून आभाळ दिसतच नव्हतं, तिथून बघत होते. गार चहा सगळ्यांनी नावं न ठेवता प्यायला. "आनंदाताईसारखाच टाइम लावला तुमी," जयाबाई म्हणाल्या आणि रिकामे कप गोळा करू लागल्या. मग थोड्या गप्पा झाल्या आणि मंडळी उठली.

मंडळी फाटकाकडे वळताच माणिकराव वेलीजवळ आले. चोरलेल्या फांदीची तिरपी, ओली खूण असते. ती त्यांनी खालपासून हात पुरेल तिथवर शोधली. मग स्टूल घेऊन वर शोधली. एकही खूण नव्हती. वेल सकाळी होती तशीच शाबूत होती.

कोणी काही नेलं नव्हतं. आनंदाबाई गेल्या त्या दिवशी आलेल्या माणसांची गर्दी होती, म्हणून रडायचं राहून गेलं होतं. आज अंगणात कोणी नाही असं समजून त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला.

"भाऊ," फाटकातून आवाज आला. देवकाबाई मागे राहिल्या होत्या. "वर काय पाहता? खाली पाहा ना, भिंतीकडे."

भिंतीलगतच्या वाफ्यात काड्या खोचलेल्या होत्या. ओळीनं, बोटभर जाडीच्या, तिरप्या कापलेल्या, काटे तसेच ठेवलेल्या. एकेका घरची एकेक काडी. घाईत कोणाची तरी पानं काढायची राहिली असावीत. त्या काडीच्या टोकाला सुकत आलेलं एक फूल होतं, पांढरं, कडेला फिकं गुलाबी.

"आनंदाची चोरली होती सगळ्याइनं," देवकाबाई म्हणाल्या. "आज चोरून ठेवून चाल्लो."

"चोरून ठेवलेली जगते का?" माणिकरावांनी विचारलं.

"कोनाले मालूम. आजवर कोनी करून नाई पायलं." त्या चपलेत पाय सरकवत होत्या. "पन याइले रोज पानी पायजे. मूळ धरेपर्यंत माती सुकू द्याची नाई. तुमच्यावानी मानूसच पायजे याइले. अन् मोठीले..."

त्यांनी मान वर करून मोठ्या वेलीकडे पाहिलं. फाटक लावून निघून गेल्या.

ऊन उतरल्यावर माणिकरावांनी खुंटीवरचा पाईप तसाच राहू दिला. स्वयंपाकघरातून आनंदाबाईंचा तांब्या आणला, बादली भरली आणि वाफ्याशी उकिडवे बसून प्रत्येक काडीच्या बुडाशी हळूहळू पाणी सोडलं. माती पाणी प्यायला लागली की बारीक आवाज येतो. तो ऐकत ते सगळ्या काड्यांपाशी बसले.

शेवटी तांब्यात थोडं पाणी उरलं. ते घेऊन ते मोठ्या वेलीजवळ आले. पाहुण्यांच्या गडबडीत आज सकाळी तिला पाणी घालायचं राहिलं होतं आणि दिवसभराच्या उन्हानं तिची पानं खाली झुकली होती. माणिकराव तांब्या धरून बराच वेळ उभे राहिले. मग परत जाऊन त्यांनी ते पाणी फूल असलेल्या काडीला घातलं.

"आज नाई," ते वेलीला म्हणाले.

पाहुण्यांच्या खुर्च्या अजून तशाच होत्या. त्यांनी मघाचं स्टूल उचललं, वेलीच्या बुंध्याला लावून ठेवलं आणि दिवेलागण होईपर्यंत तिच्याजवळ बसून राहिले.