लाँड्रीतलं वर्ष

घरात तिला सगळे धाकटी म्हणत, आणि तिशी उलटली तरी ते नाव काही सुटलं नव्हतं. सहली नेणाऱ्या एका कंपनीत ती नोकरीला होती. एक दिवस वर्षभराची बिनपगारी रजा टाकून ती घरी आली आणि चपला काढता काढताच म्हणाली, "मी परदेशी चाललेय. स्पॅनिश शिकायला."

"इथे क्लास नाहीत का?" दादाने विचारलं.

"दोन केले. वाचता येतं रे, पण समोरचा बोलायला लागला की दातखीळ बसते."

"आणि तिकडे खाशील काय?"

"एका लाँड्रीत काम मिळालंय. हॉटेलांच्या चादरी."

वहिनी पोट धरधरून हसली. "अगं, इथे स्वतःचा ओला टॉवेल पलंगावरून उचलत नाहीस तू!"

तिकडची लाँड्री म्हणजे पत्र्याच्या छपराचं एक लांबलचक दालन. मागे धुण्याची यंत्रं, पुढे इस्त्रीचा रोलर. दोघींनी दोन टोकं धरून ओली चादर आत सोडायची, पलीकडे ती कोरडी, चटके देत बाहेर पडायची. धाकटीच्या जोडीला साठीला टेकलेली एक बाई होती. धाकटी तिला मावशी म्हणायला लागली. त्याचा अर्थ आईची बहीण, हे कळल्यावर बाई इतकी खूश झाली की दालनभर सांगत सुटली. घड्या घालता घालता मावशी तिला शब्द शिकवायची: कोपरा, ओढ, सोड, भाजेल. काही महिन्यांत धाकटी तिच्याशी कडकडून भांडायला लागली. भांडता आलं म्हणजे भाषा आली, असं मावशीचं ठाम मत होतं.

तिथल्या मुकादमाचा मात्र हात आधी चालायचा, तोंड मागाहून. ओल्या कपड्यांचं गाठोडं पाठीत फेकायचा. ढकलगाडी मुद्दाम टाचांवर आणून आदळायचा. एकदा चादरी न्यायला आलेल्या ड्रायव्हरच्या त्याने अशी कानफटात लगावली की बिचाऱ्याचा चष्मा साबणाच्या पाण्यात जाऊन पडला. कुणी चकार शब्द काढला नाही, कारण बहुतेकांची कागदपत्रं धड नव्हती. धाकटीची होती, तरी तीही मान खाली घालून घड्या घालत राहिली. ते तिला आतून खात होतं.

एका दुपारी एक चादर रोलरला गुंडाळली गेली. करपल्याचा वास सुटला. मावशी बंद करायच्या बटणाकडे वळली, तोच मुकादम ओरडला, "बंद करायचं नाही! बाहेर गाड्या खोळंबल्यात. हात घाल आणि ओढ."

"आधी बंद कर. मग ओढते."

त्याने तिचे केस धरले, दुसऱ्या हाताने तिचं मनगट पिरगाळलं आणि तिचा पंजा तापलेल्या रोलरवर दाबला. मावशी किंचाळली. कातडी चरचरली.

"सोड! सोड तिला!" धाकटी ओरडली ती मराठीतच. तिने धावत जाऊन लाल बटण दाबलं. रोलर थांबला. मुकादम वळला आणि त्याने तिच्या तोंडावर गुद्दा हाणला. तोंडात रक्ताची चव आली, जिभेवर तुटलेला दात लागला. दुसरा गुद्दा बरगडीत बसला. ती ढकलगाडीवर कोसळली, आणि गाडी ओढायचा लोखंडी आकडा तिच्या हाताला लागला.

पहिला वार तिने त्याच्या गुडघ्यावर केला. हाड मोडल्याचा आवाज तिला ऐकू आला. तो खाली पडला. मग तिने खांद्यावर मारलं. मग पाठीवर. तो हात वर करून काहीतरी विनवत होता. तिला ते समजत होतं, तरी तिचा हात थांबेना. आतून काहीतरी मोकळं होत होतं, आणि तिला ते बरं वाटत होतं.

"बास्ता!" मावशी ओरडली. "बास्ता, पोरी!"

तो शब्द मराठीतल्या 'बास'च्या इतका जवळचा की थेट हातापर्यंत पोचला. आकडा खणकन फरशीवर पडला.

पोलीस चौकीत जबाब घेणारी अधिकारी बाई म्हणाली, "दुभाषा बोलावू का?"

"नको. मी सांगते."

सुजलेल्या ओठांनी ती अडखळत सांगत गेली. बाईने लिहिता लिहिता हात थांबवला. "तो पडल्यावरही मारलंस ते घाबरून. तो उठेल म्हणून. असंच ना?"

बाई तिला वाट काढून देत होती. धाकटीने नकारार्थी मान हलवली. "पहिला वार घाबरून. पुढचे नाही. पुढचे मला मारायचे होते म्हणून."

त्या जबाबाने खटला तिच्यावरही झाला. लाँड्रीतलं काम गेलं. मावशीची दोन बोटं कायमची आखडली. धाकटी इस्पितळात भेटायला गेली तेव्हा मावशीने तिचा हात हातात घेतला, पण म्हणाली, "पहिला फटका माझ्यासाठी होता. बाकीचे कुणासाठी होते?"

"ये निघून," दादा फोनवर म्हणाला.

"निकाल लागू दे. अर्धवट टाकून नाही येणार."

निकालाच्या दिवशी मुकादमाला तुरुंगवासाची शिक्षा झाली, आणि तो लगेच आत जाईल असं सगळ्यांना वाटलं. पण त्याने वरच्या कोर्टात दाद मागितली आणि तोवर तो जामिनावर सुटला. धाकटीला शिक्षा झाली ती स्थगित ठेवली गेली. पुन्हा हात उचलला तर भोगायची. कोर्टाच्या बोळात ती आणि मावशी बाकावर बसल्या होत्या, तेवढ्यात एक बाई तिच्यासमोर येऊन उभी राहिली. मुकादमाची बायको. काही कळायच्या आत तिने धाकटीच्या थोबाडीत दिली. धाकटीने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"आता तो दिवसभर घरी असतो," बाई दबक्या आवाजात म्हणाली. "कुबडी असते हातात. कळतंय का तुला, मी काय म्हणतेय ते?"

तिच्या गळ्याभोवती रुमाल घट्ट बांधलेला होता. त्याखालून निळसर डाग डोकावत होते.

"कळतंय," धाकटी म्हणाली. एकही शब्द निसटला नव्हता.

बाई ताडताड जिन्याकडे निघाली. मावशी उठली, आखडलेल्या हाताने पदराआड मूल धरावं तशी पिशवी छातीशी धरली आणि तिच्या मागे गेली. "थांब गं," धाकटीला तिचा आवाज ऐकू आला. "एकटी जाऊ नकोस घरी. मला सांग, मुलं कुठे आहेत?"

जिन्यावर बाई थांबली. धाकटीही उठली. जबाब घेणाऱ्या त्या अधिकारी बाईच्या चौकीला इथून कसं जायचं, हे तिने दारावरच्या शिपायाला विचारलं, आणि त्याने सांगितलेला रस्ता नीट ऐकून ती झपाझप चालायला लागली.